रकाना क्रमांक सात

भुसावळला गाडी पाच मिनिटं थांबते.
तेवढ्यात लोहमार्गच्या हवालदारानं त्याला उतरवून आणलं.
तिकीट नाही, पिशवी नाही,
खिशात अर्धा कंगवा.
उजवा हात लोंबत होता, तोंड वाकडं,
डोळे मात्र जागे.
मी विचारलं, कोनतं गाव शे भाऊ तुन्हं?
तो म्हणाला,
बा.

नाव? बा.
पाणी देऊ? बा.
डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय,
बाकीचे शब्द पलीकडं राहिलेत.
तापी फुगली की आमच्या गावचे अर्धे लोक
असेच राहायचे पलीकडं,
कंदील हलवत.

रजिस्टरात सातवा रकाना : भाषा.
मी पेन टेकवलं आणि उचललं.

आमच्या घरी बा म्हणजे बाप.
केळीचे घड वाहून वाहून
ज्याची मान कायमची एका बाजूला गेली, तो.
मी मनात लिहून टाकलं : बापाला हाक मारतोय.
सत्तरीत.

तीन नंबरच्या खाटेवरून हसुमतीबेननं
सलाइनचा हात उचलून मला झापलं,
बा म्हणजे आई.
आई नाही कळत तुला?
आणि मग स्वतःच तोंड केलं भिंतीकडं.

रुळावरचा रामधारी, पायाचं बोट चेचलेला,
म्हणाला, हे नाव नाहीच कुणाचं.
तुमचं शे, तेच आमचं बा.
दरद बा. घर बा.
काहीतरी आहे, एवढंच सांगतोय तो.
काय आहे, ते गेलं.

सोनं गाळताना हात भाजलेला खोकन मंडल
बराच वेळ छताकडं बघत होता.
आमच्यात त्याचा अर्थ, किंवा.
किंवा?
हां दीदी. हे, किंवा ते.
मी खाटेच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.
एकीकडं स्टूल होतं,
एकीकडं भांडं.

जेठानंद पाववाल्यानं वाद घातलाच नाही.
सिंधीत ब म्हणजे दोन, जरा आखूड,
म्हणत त्यानं दोन टोस्ट ठेवले उशाशी.
पैसे घेतले नाहीत. हे पहिल्यांदाच.

तिसऱ्या रात्री मी सुई काढली
तर डाव्या हातानं त्यानं ती बाजूला सारली.
बा.
तेव्हा वाटलं, हा इकडचाच.
नको बा. पुरे बा. कोण जाणे बा.
वाक्याच्या शेपटीला लावतो आम्ही तो,
ज्याला अर्थ नसतो,
पण काढला तर वाक्य उघडं पडतं
बिनकुंपणाच्या बागेसारखं.
अख्खं वाक्य वाहून जाऊन
नुसती शेपटीच उरली असेल का याच्या हातात?
मी सुई ठेवून दिली. अर्ध्या तासानं टोचली.
टोचावीच लागते.

चौथ्या दिवशी जळगावला हलवायचं ठरलं.
अँब्युलन्सवर बसय्या होता,
दावणगेऱ्याचा, वीस वर्षांपूर्वी ट्रक उलटला
आणि इथंच राहिलेला.
दार लावताना म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं.
बा.
बसय्या मागं वळला.
सिस्टर, तुम्हाला बोलावतोय तो.
बा म्हणजे ये.

माझ्या ड्यूटीचे सहा तास बाकी होते.
आत हसुमतीबेनची बाटली संपत आली होती.
आमच्यात जाणारा म्हणतो, येतो,
आणि राहणारा म्हणतो, ये.
दुसरं काही सुचलं नाही.
मी म्हटलं, ये बा.
बसय्या हसला,
एकच गोष्ट दोनदा सांगितलीत.

जळगावहून नंतर काही कळलं नाही.
मी एकदा फोन केला होता. उचलला नाही कुणी.
महिनाअखेर साहेबांनी रजिस्टर तपासलं,
सातव्या रकान्यावर बोट ठेवलं.
हे राहिलंय.
हो बा, म्हटलं मी,
राहिलंय.